पिल्लांच्या खोलीचा कोबा गरम ठेवायचा तर: तार, नळी, बंब आणि काळी माती

नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या रात्री माझ्या शेडमध्ये पाच दिवसांची पाचशे पिल्लं होती, वर दोनशे वॅटचे सहा बल्ब आणि खिडक्यांना बारदान. दीडच्या सुमारास लाइन गेली, ती उजाडेपर्यंत आलीच नाही. सकाळी दार उघडलं तर एका कोपऱ्यात पिल्लांचा हातभर उंच ढीग. वरची जिवंत, खालची गेलेली. गारठ्यानं जेवढी मेली त्याहून जास्त एकमेकांखाली चेंगरून मेली.

बल्ब बंद झाला की ऊब त्याच क्षणी संपते. जमीनच गरम असती तर दोन-तीन तास तरी तगली असती. कोब्यात नळ्या टाकून गरम पाणी फिरवायचं खूळ माझ्या डोक्यात तिथून आलं. शेजारच्या काकांनी ऐकलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उन्हायात पाय पोयते इथं, अन् हा कोबा तापवून रायला!" त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे अशी जमीन थोड्याच जणांना लागते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तुम्हाला ती लागते का?

घरासाठी बहुधा नाही. विदर्भातली खरी थंडी तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीच्या पुढे दोन आठवडे, आणि तीही रात्रीची. दुपारी अंगणात ऊन असतंच. एवढ्यासाठी घरभर नळ्या टाकणं म्हणजे पैसे कोब्यात पुरणं. चिखलदऱ्याकडे हजार मीटरच्या वर कुणाचं घर असेल, किंवा घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर एक खोली करायला हरकत नाही. मात्र माणसाच्या पायाखालची जमीन २९ अंशांच्या वर नेऊ नये, असं युरोपातलं मानक सांगतं. त्याहून जास्त तापली तर पाय जड पडतात, घाम येतो.

कोंबडीच्या पिल्लाची गोष्ट वेगळी. पहिले आठ-दहा दिवस त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. बाहेरून जेवढी ऊब मिळेल तेवढीच. ब्रूडरचा, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या साधनाचा, जुना नियम तुम्ही ऐकला असेल: पहिल्या आठवड्यात ९५ फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश, आणि पुढे दर आठवड्याला पाच फॅरनहाइट कमी. पिल्लू पोटावर बसतं, त्यामुळे खालून आलेली ऊब थेट त्याला लागते. वरच्या बल्बची बरीच ऊब टिनाच्या छताला भेटून निघून जाते.

तरीही, वर्षाला हिवाळ्यात एकच लॉट काढणार असाल तर हे करू नका. गॅस ब्रूडर घ्या, पडदे जाड करा, चिक गार्डचा, म्हणजे पिल्लांभोवतीच्या गोल आडोशाचा, घेर लहान ठेवा. पिल्लांची खोली कायमची, पक्की आणि वेगळी असेल आणि दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत तीन-चार वेळा पिल्लं उतरणार असतील, तरच पुढे वाचा. भाड्याच्या शेडमध्ये तर मुळीच नको, कोबा काही सोबत नेता येत नाही.

करडांच्या गोठ्यालाही हीच रीत चालते. फक्त मूत वाहून जाण्याचा उतार आधी काढा, मग नळ्या.

एका खोलीचा हिशोब

माझी खोली दहा बाय बारा फुटांची आहे, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. पहिल्या आठवड्यात पिल्लामागे पाव चौरस फूट धरलं की पाचशे पिल्लं बसतात. तुमची खोली मोठी असेल तर आकडे त्या पटीत वाढवा.

गरम जमीन वरच्या हवेपेक्षा जितके अंश जास्त, तितके दर अंशाला, दर चौरस मीटरला सुमारे ११ वॅट ती खोलीला देते. जमीन ३३, हवा २५ धरली तर फरक आठ अंशांचा. ११ गुणिले ८ म्हणजे ८८ वॅट आणि ११ चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट. थोडी ऊब खाली आणि बाजूनं जाणारच, म्हणून सव्वा किलोवॅट धरा. बारा तासांच्या रात्रीला बारा ते पंधरा युनिट (किलोवॅट-तास) ऊब लागते. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढची सगळी निवड त्यावर आहे.

दुसरा हिशोब कोब्याचा. चार इंच जाडीच्या या जमिनीत सव्वीस क्विंटल काँक्रीट बसतं. ते एका अंशानं तापवायला पाऊण युनिटाच्या आतबाहेर ऊब जाते, आणि १५ वरून ३० अंशांवर न्यायचं तर दहाएक युनिट नुसती जमीनच पिते. कोबा आळशी आहे. तापायला दीड-दोन दिवस लावतो, पण लाइन गेली तर तासाला एक-दीड अंशानंच उतरतो. याच आळसासाठी आपण त्याला पैसे देतोय. मात्र दुपारी खोली जास्त तापली तर तो पटकन थंडही होत नाही, हे विसरू नका.

तार की पाणी?

कोब्यात तापणारी विजेची तार टाकायची, किंवा नळीतून गरम पाणी फिरवायचं, हे दोनच मार्ग आहेत.

तार टाकायला सोपी. खर्च आधी कमी, मिस्त्रीचं काम एका दिवसाचं, पंप नाही, टाकी नाही. शहरातल्या न्हाणीघरासाठी मीही तारच सुचवीन. पण आपल्याकडे तिच्या तीन अडचणी आहेत.

पहिली, व्होल्टेज. संध्याकाळी गावात २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळणं काही नवलाचं नाही. तारेची ऊब व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं घटते. १८० व्होल्टला १२०० वॅटची तार जेमतेम ७३५ वॅट देते. नेमकी ज्या रात्री सगळं गाव हीटर आणि गिझर लावतं, त्याच रात्री तुमची जमीन चाळीस टक्के कमी तापते.

दुसरी, लाइन गेल्यावर काय? सव्वा किलोवॅटची तार घरच्या इन्व्हर्टरवर तासाभरात बॅटरी झोपवते. उलट गरम पाणी फिरवणारा पंप साठ वॅटचा. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी अर्धी वापरली तरी तो दहा-अकरा तास चालतो. माझ्यासाठी निकाल इथेच लागला.

तिसरी, बिल. रोजचे पंधरा युनिट, तीन आठवडे, चार लॉट. तुमच्या दरानं गुणून पाहा. आणि कुणी म्हणालं की शेतीपंपाच्या जोडणीवरून तार ओढू, तर ऐकू नका. कुक्कुटपालनाला कृषीतलीच पण वेगळी 'इतर' वर्गवारी आहे, जोडणी त्यातच घ्या. शिवाय शेतीपंपाची लाइन चोवीस तास नसते, ठरलेल्या तासांनाच येते. पिल्लांना ते वेळापत्रक समजत नाही.

तरीही तारच टाकायची असेल तर: बाहेरून धातूचं आवरण असलेली तार घ्या, अर्थिंग खरोखरचं करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लावा. तार उरली म्हणून कापायची नाही. कापली की तिचा रोध घटतो, ती जास्त करंट ओढते आणि जळते. मल्टिमीटरनं रोध तीनदा मोजून भिंतीवर लिहून ठेवा: तार गुंडाळीत असताना, अंथरल्यावर आणि काँक्रीट पडल्यावर. तिसरा आकडा बदलला असेल तर फावड्यानं तार दुखावली आहे. काँक्रीट ओलं असतानाच ती शोधता येते, नंतर नाही.

पाणी कशानं तापवायचं

इथे दुकानदाराकडे जाण्याआधी आपल्या वावराकडे बघा.

सोलरची शंभर लिटरची टाकी ६० अंशांचं पाणी देते असं धरू. आपण ते ३५ पर्यंत वापरलं तर जवळपास २.९ युनिट ऊब मिळते. तीनशे लिटरच्या सोलरमधून पावणेनऊ युनिट. आपली गरज बारा ते पंधरा. म्हणजे स्वच्छ उन्हाच्या दिवशी अर्ध्याहून जास्त काम सूर्य करतो. विदर्भात डिसेंबरचं ऊन बहुधा स्वच्छ असतंच, पण जानेवारीत कधी ढग भरून येतात, अवकाळी पडतो. नुसत्या सोलरवर पिल्लं सोडू नका.

उरलेल्याला पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, आहेत. वाळलेल्या पऱ्हाटीच्या किलोत साधारण साडेचार युनिट ऊब असते. गावठी बंबात त्यातली चाळीस टक्के पाण्यात उतरली तरी किलोला पावणेदोन युनिट. म्हणजे नुसत्या पऱ्हाटीवर रात्र काढायची झाली तरी सात-आठ किलोंत निघते, एका मध्यम भाऱ्यात. तुराट्या त्याहून बऱ्या, निखारा धरतात. सोयाबीनचं कुटार वापरू नका, भडकतं आणि संपतं, आणि ते जनावराच्या तोंडचं आहे. जाता जाता: पऱ्हाट्यांची गंजी पुढच्या हंगामापर्यंत धुऱ्यावर ठेवली तर तिच्यात गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. फेब्रुवारीपर्यंत बंबात गेलेली बरी.

गॅसचा हिशोबही करून ठेवला आहे. व्यवसायाचा १९ किलोचा सिलिंडर चांगल्या गिझरवर या खोलीला तेरा-चौदा रात्री पुरेल. पण गॅस गिझर पिल्लांच्या खोलीत कधीच लावायचा नाही, बाहेरच्या पडवीत उघड्यावर लावायचा. शेगडीचंही तेच. बंद खोलीत कोळसा पेटवून झोपलेली माणसं उठत नाहीत, पिल्लांचं काय घेऊन बसलात.

हीट पंप नावाचं यंत्रही मिळतं. एक युनिट वीज घेऊन तीनेक युनिट ऊब देतं. पाच हजार पिल्लांच्या पुढे विचार करा. आपल्यासारख्याला त्याचा दुरुस्तीवाला तालुक्याला सापडणं हाच प्रश्न.

माझी निवड सोलर आणि बंब. दोनशे लिटरची स्टेनलेस स्टीलची टाकी, तिला बाहेरून गादीसारखं जाड आवरण. सोलर दिवसा ती तापवतं, संध्याकाळी सातला बंब पेटतो. बंबाची जागा टाकीच्या खालच्या पातळीला. दोन नळ्यांनी जोडला की गरम पाणी आपोआप वर चढतं आणि थंड खाली येतं, पंप लागत नाही. बंब आणि टाकीच्या मध्ये व्हॉल्व लावू नका आणि टाकीचं वरचं तोंड कधी बंद करू नका. लाकडाची आग बटण दाबून विझत नाही. कोंडलेली वाफ टाकी फोडते. उघडी टाकी उकळली तर फार तर पाणी सांडेल.

जमिनीतलं पाणी मात्र टाकीतल्या पाण्यात मिसळू देऊ नका. टाकीच्या आत तांब्याचं वेटोळं सोडा आणि कोब्याच्या नळीतलं पाणी त्या वेटोळ्यातून फिरवा. कारण आपल्या बोअरचं पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका, पण बाकीकडेही पाणी जड आहे, आणि तापलं की खरपुडी धरतं. टाकी घासता येते, कोब्यातली नळी घासता येत नाही. माझ्या अख्ख्या खोलीच्या नळीत मिळून साडेआठ लिटर पाणी बसतं. एवढं तर पत्र्यावरून पडलेलं पावसाचं पाणी गाळून भरता येतं. वर दहा लिटरची छोटी उघडी टाकी ठेवली की फुगलेलं पाणी तिच्यात चढतं आणि कमी पडलं तर तिथूनच उतरतं. अशा उघड्या रचनेत पाण्यात हवा मिसळत राहते, म्हणून पंप पितळी किंवा स्टेनलेस पोटाचा घ्या, लोखंडी गंजतो. टुल्लू पंप इथे चालत नाही. तो गार पाणी वर चढवायला बनलेला आहे, रात्रभर गरम पाणी फिरवायला नाही. आपल्याला मिनिटाला तीन लिटर पुरे.

नळी: इथे मी तोंडावर पडलो

पहिल्या खेपेला मी ठिबकची सोळा एमएमची लॅटरल टाकली होती. घरी दोन बंडल पडून होते, माप तेच, रंग काळा, फुकट. दुसऱ्या हिवाळ्यात दाराजवळचं तूस सकाळी ओलं दिसायला लागलं. आधी वाटलं पिल्लांनी भांडं सांडलं. मग रोज त्याच जागी, हातभर गोल, कडा पांढऱ्या पडलेल्या. सब्बलीनं कोबा फोडला तर वळणावर लॅटरल चपटी होऊन चिरली होती. लॅटरल गार पाण्यासाठी, कमी दाबासाठी असते, भिंत मिलिमीटरभर. गरम पाण्यानं ती मऊ पडते. फुकटच्या नळीनं मला अख्खा कोबा महागात पडला.

घ्यायची ती गरम पाण्यासाठी बनलेली प्लॅस्टिकची पेक्स किंवा पीई-आरटी, नाहीतर दोन थरांच्या मध्ये ॲल्युमिनियम असलेली कंपोझिट नळी. ही शेवटची सोलरच्या जोडणीसाठी तालुक्याच्या हार्डवेअरात मिळते आणि वाकवली की वाकलेलीच राहते, नवख्याला सोपी. बाहेरून १६, आतून १२ एमएम. सीपीव्हीसी कडक असते, दर वळणाला जोड लागतो, म्हणून नको. कोब्याच्या पोटात एकही जोड नसावा, हा नियम मोडायचा नाही.

किती लागेल? सहा इंचांवर एक ओळ धरली तर चौरस मीटरला पावणेसात मीटर, म्हणजे माझ्या खोलीला पंचाहत्तर. सोळा एमएमच्या नळीचा एक फेरा ऐंशी-शंभर मीटरच्या पुढे नेऊ नये, पाणी शेवटाला पोचेपर्यंत थंड होतं. एका फेऱ्यात बसत होतं, तरी मी दोन केले. एक बंद ठेवून अर्धी खोली तापवता येते, पहिल्या तीन दिवसांत तेच कामी येतं.

कोब्याखाली काय आहे

नवखे सगळी चौकशी नळीची करतात आणि खड्ड्याचं काम मिस्त्रीवर सोडतात. उलटं करा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकलं तर दोन वर्षांत ते तडकणार, आणि तडा गेला की नळीवर ओढ येणार. साधा कोबा तडकला तर वर सिमेंटचा घोटा मारता येतो. नळीच्या कोब्याला ती सवलत नाही.

काळी माती किमान दोन फूट काढून टाका. त्या जागी मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. हे काम उन्हाळ्यात करा आणि वरून एक पावसाळा जाऊ द्या, जे बसायचं ते बसून घेईल. जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा दीड फूट तरी वर हवी आणि भिंतीबाहेर पाणी साचू नये. मुरमावर दगडाचं सोलिंग, त्यावर तीन इंच पीसीसी, म्हणजे सळईशिवायचं साधं काँक्रीट. उधळीचं (वाळवीचं) औषध याच वेळी मारा. आपल्याकडे ती वरच्या थराला सोडत नाही.

वरचा थर म्हणजे ऊब अडवणारा बोर्ड. हा गाळला तर ऊब मुरमाला आणि काळ्या मातीला तापवत बसते. आधी जाड पॉलिथिन, मग दोन इंचांचा एक्सपीएस बोर्ड. हा थर्माकोलचाच भाऊ, पण दाट. पायानं दाबला तर दबत नाही. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल इथे चालत नाही. भिंतीला लागून चारी बाजूंनी बोटभर जाड फोमची पट्टी उभी लावा. कोबा तापला की पसरतो, त्याला सरकायला जागा लागते, आणि भिंतीवाटे जाणारी ऊबही अडते.

नळी अंथरणं आणि काँक्रीट

बोर्डावर वेल्डेड जाळी, जाळीवर नळी, प्लॅस्टिकच्या टायनं दर दीड-दोन फुटांवर बांधलेली. बांधायच्या तारेनं करकचून आवळू नका, नळीला घाव पडतो. माझ्या मिस्त्रीनं पहिल्यांदा नळी पाहिली तेव्हा त्याचा सल्ला एकच होता: "भाऊ, पक्क्या बांधा, नाही तं ओल्या मालात वर येतीन." खरंच येतात. हवा भरलेली नळी काँक्रीटमध्ये तरंगते. म्हणून ती पाण्यानं भरूनच काँक्रीट टाकायचं.

मांडणी जिलबीसारखी ठेवा, नागमोडी नको. जिलबीत जाणारी गरम नळी आणि परतणारी कोमट नळी शेजारी-शेजारी येतात, त्यामुळे जमीन सगळीकडे सारखी तापते. नागमोडीत एक भिंत गरम आणि दुसरी गार राहते. वळण चहाच्या बशीपेक्षा लहान घेऊ नका.

एक पट्टा मात्र मुद्दाम मोकळा सोडा. दाराच्या बाजूला दोन फूट रुंद, नळीशिवाय. बल्बखाली पिल्लाला गरम झालं तर ते चार पावलं बाजूला जातं. अख्खी जमीनच गरम असेल तर ते जाणार कुठे? पाण्याची भांडी याच पट्ट्यावर ठेवा, पाणीही कोमट होत नाही.

थर्मोस्टॅटचा सेन्सर कोब्यात थेट गाडू नका. नळीच्या दोन ओळींच्या मधोमध, एका बाजूनं बंद केलेल्या कंड्युइट पाइपात घाला, म्हणजे बिघडला तर ओढून नवा टाकता येईल. नळी जिथून जमिनीबाहेर निघते तिथेही कंड्युइटचं बाक घाला. माणसं तिथेच अडखळतात, उंदीर तिथेच कुरतडतात.

मग दाब. हातपंपानं नळीत ६ किलोचा दाब भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी काटा उतरला असेल तर आधी गळती शोधा. काँक्रीट पडताना ३-४ किलो दाब ठेवाच. कुणाचं फावडं लागलं तर कारंजं उडेल आणि तिथल्या तिथे कळेल. आणि माल ओतण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, जमिनीवर मोजपट्टी पसरून, चारी कोपऱ्यांतून. तीन वर्षांनी कुणी खांब रोवायला ड्रिल घेऊन आला की हे फोटो लागतात.

माल दीड वाटा रेती, तीन वाटे गिट्टी, एक सिमेंट. गिट्टी बारीक, दहा-बारा एमएमची, म्हणजे नळीखाली पोकळी राहत नाही. पोकळीत हवा राहिली की ऊब अडते. एकूण जाडी चार इंच, नळीवर किमान दोन इंच माल. घमेली टाकायला फळ्यांची वाट करा, नळीवरून कुणी चालू नये.

तराई, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारणं, नेहमीसारखी. पण एकवीस दिवस गरम पाणी सोडायचं नाही. लवकर वाळावा म्हणून तापवाल तर वरून सुकेल, आतून तडकेल. दसऱ्याच्या आसपास काँक्रीट पडलं तर तुळशीच्या लग्नापर्यंत पहिली ऊब देता येते. पहिले तीन दिवस २५ अंशांचं पाणी, मग रोज थोडं वाढवत कामाच्या तापमानापर्यंत, आणि तिथे चार दिवस.

कामाचं तापमान ४० ते ४५ अंश. बंब ८० अंशांचंही पाणी देतो, म्हणून मध्ये थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व हवाच. तो परतीचं कोमट पाणी मिसळून ठरलेल्या तापमानाचंच पाणी पुढे सोडतो. याची काटकसर करू नका, नाहीतर जाग आली नाही त्या रात्री पिल्लं तव्यावर.

पिल्लं उतरायच्या आधी आणि नंतर

पिल्लं यायच्या अठ्ठेचाळीस तास आधी जमीन चालू करा. नुसता कोबा २८ ते ३० अंशांवर आला की तूस पसरा, आणि तेही इंचभरच. एरवी आपण दोन-तीन इंच टाकतो. इथे धानाचं जाड तूस म्हणजे पिल्लाच्या आणि उबेच्या मध्ये टाकलेली गोधडी. खाली कोबा ३६ अंश दाखवतो आणि वर पिल्लू कुडकुडतं. थर्मामीटर भिंतीवर टांगू नका. तुसावर दोन इंच उंचीला, पिल्लाच्या पाठीएवढं ठेवा. तिथे पहिल्या दिवशी ३२-३३ दिसलं की पुरे. पुढे आठवड्याला तीनेक अंश उतरवा. कोबा आळशी आहे, म्हणून उतरवायचं ते आदल्या दिवशीच.

छताच्या टिनाखाली बारदान किंवा ताडपत्रीचं सपाट छत बांधा, नाहीतर ऊब वरून जाते. पण वरची खिडकी बोटभर उघडी ठेवा. गरम जमिनीचा एक फायदा असा की तूस कोरडं राहतं, आणि ओल नसली की रक्ती हगवणीचं जंतू-बीज वाढत नाही. मात्र खोली घट्ट बंद केली तर अमोनिया भरतो. आत गेल्या गेल्या डोळे चुरचुरले तर पिल्लांचे रात्रभर चुरचुरत आहेत.

पहिल्या रात्री दोनचा गजर लावा. टॉर्च लगेच मारू नका, आधी दाराशी उभं राहून ऐका. बारीक, सलग चिवचिव म्हणजे ठीक. मोठ्यानं, तुटक ओरड म्हणजे थंडी. मग उजेड टाका. पिल्लं खोलीभर विखुरलेली, मान खाली टेकवून निवांत झोपलेली असतील तर व्हॉल्वला हात लावू नका. एकावर एक चढत असतील तर आधी हातानं ढीग मोडा, मग पाणी दोन अंशांनी वाढवा, आणि तासाभरासाठी एक बल्ब लावा, कारण कोब्याला कळायला उशीर लागतो. बल्ब काढून टाकले नसतील ना? एक-दोन राहू द्या, उजेडालाही लागतात. आणि सगळी दाराजवळच्या गार पट्ट्यावर चोची उघड्या टाकून, पंख पसरून बसली असतील तर मिक्सिंग व्हॉल्व खाली घ्या, पऱ्हाटी टाकणं थांबवा आणि खिडकी आणखी चार बोटं उघडा. पुन्हा चारला उठून बघा.